पुन्हा म्हण

हे खरं आहे. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं. आमच्या घरच्यांनीही तेच केलंय.

आणि घडलं ते लख्ख सकाळी. भुताला रात्रच लागते असं कोणी सांगितलं?

मी छोटं विमान उडवायला शिकत होते. वस्तीबाहेरची धावपट्टी, दोन खुर्च्यांचं विमान आणि शिकवायला आमचे मास्तर. माणूस चांगला, पण डोकं खाणारा. प्रत्येक उड्डाणाआधी माझ्याकडून मोठ्याने म्हणून घ्यायचे,

"पट्टीवर इंजिन गेलं, तर थांबेन. उडाल्याबरोबर गेलं, तर नाक खाली करून समोरच उतरेन. मागे वळणार नाही."

कमी उंचीवर मागे वळायला गेलं की विमान कोसळतं, म्हणून हे. कळलं ना एकदा? पण नाही. एक शब्द अडखळला की मास्तर म्हणणार, "पुन्हा."

बरं, नुसतं म्हणून भागत नसे. उडताना अचानक थ्रॉटल मागे ओढून इंजिनाचा जोरच काढून घ्यायचे. "इंजिन गेलं. आता?"

माझ्या बरोबरीचे सगळे एकटे उडून आले, आणि मी आपली तिथेच. ताई रोज विचारायची, "काय गं, उडालीस की अजून पाठांतरच चालू?" अस्सं डोक्यात जायचं!

शेवटी त्या सकाळी मास्तर विमानातून खाली उतरले. "जा. एकटी जा."

रिकाम्या खुर्चीचा पट्टा लोंबून कशात अडकू नये म्हणून मी तो खुर्चीला घट्ट आवळला. माझ्या हाताने. हे लक्षात ठेवा.

पट्टीच्या टोकाला आले. ऐकायला कोणी नव्हतं. भरभर पुटपुटले, शेवटचं वाक्य तर गिळूनच टाकलं.

हेडफोनमध्ये खरखर झाली...

"पुन्हा."

असा संताप आला! एकटीला सोडलं म्हणे, आणि वर रेडिओवरून पाळत! दातओठ खात परत म्हटलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा शब्द न् शब्द म्हटला. "मागे वळणार नाही. झालं समाधान?"

खरखर थांबली.

उडाले. चाकं सुटली, पट्टी मागे पडली...

आणि थ्रॉटल मागे सरकलं.

माझा हात त्यावरच होता. हातासकट सरकलं.

इंजिनाचा आवाज बसला. मी जीव खाऊन थ्रॉटल पुढे ढकललं. हलेना. माझ्या हातावर कोणाचा तरी हात असावा तसं... गरम. जड.

मागे पट्टी होती. सपाट, ओळखीची. माझी मान वळलीच.

पण तोंड आपोआप बोलायला लागलं. नाक खाली. समोरच उतरेन. मागे वळणार नाही.

समोर नांगरलेलं शेत होतं. उतरले. चाक मोडलं, मी नाही.

मास्तर धापा टाकत आले. मी आधी त्यांच्यावरच भडकले. "ऐन उडायच्या वेळी रेडिओवर पुन्हा पुन्हा काय लावलं होतंत?"

"मी अक्षर बोललो नाही गं. रेडिओवाला शेजारीच होता, विचार त्याला."

मग त्यांची नजर आत गेली...

रिकाम्या खुर्चीचा पट्टा लावलेलाच होता. पण ढिला. चांगल्या पोट सुटलेल्या माणसाला बसेल एवढा ढिला.

मास्तर ढेकळांतच मटकन खाली बसले.

"माझे मास्तर," ते म्हणाले. "'पुन्हा' हा शब्द त्यांचा. इथेच त्यांचं इंजिन गेलं. जन्मभर शिकवलं, आणि स्वतः मागे वळले."

मेकॅनिकला काही सापडलं नाही. थ्रॉटल म्हणे अगदी सुरळीत चालतंय. सगळ्यांचं एकच पालुपद, घाबरून तूच ओढलं असशील. ताईसुद्धा! सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आणि त्या माणसाचे वाचवलं म्हणून आभार मानू, की मारायला निघाला म्हणून शिव्या घालू, तेही कळत नाही.

मास्तर तर विषयच टाळतात. परवा खूप पिच्छा पुरवल्यावर एवढंच बोलले, "ते पहिल्या खेपेला कुणाला पास करत नसत."

चाक बदलून झालंय. शेतातलं उतरणं एकटीचं उड्डाण म्हणून धरत नाहीत. उद्या सकाळी जायचंय मला...

पुन्हा.