दुसरी नजर

"चष्मा विसरला होता, बास. निमित्त एवढंच," मोठे काका म्हणाले आणि खुर्ची भिंतीला टेकवून बसले.

वीज जाऊन बराच वेळ झाला होता. आम्ही सगळे गच्चीत. मी या घरात नवीन, त्यामुळे कुठं बसायचं ते अजून मला सांगावं लागतं. नणंदेनं मला सतरंजीच्या कडेला, काकांच्या अगदी समोर बसवलं. ती जागा कुणालाच नको असते हे मला नंतर कळलं. माझा नवरा भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तो जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता, तिथं वारा येतो म्हणून. वारा कुठंच नव्हता.

"खरी आहे का पण?" धाकट्या दिरानं विचारलं.

"अर्धी माझ्या डोळ्यांदेखतची. उरलेली ज्याची त्यानं मला सांगितली. खोटीच सांगायची असती तर मी स्वतःला त्यात जरा शूर नसतं का केलं?"

काका तेव्हा विमान शिकवणाऱ्या शाळेत पेट्रोल भरायच्या कामाला होते. तिथली विमानं म्हणजे दोन माणसांची. एक मास्तर, एक शिकणारा. काकांच्या मते स्कूटरला पंख लावले की झालं विमान.

"पण स्कूटर बंद पडली तर माणूस रस्त्यावर असतो," काका म्हणाले. "म्हणून विमानाच्या दुरुस्तीचा एक नियम असतो. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं जाऊन बघायचं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. आपला तो बाब्या. त्यासाठी ही दुसरी नजर."

ही दुसरी नजर तिथल्या साहेबांची. साहेब म्हणजे दुरुस्तीचे प्रमुख. हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, कोपऱ्यात त्यांचं टेबल, टेबलावर चहा. मिस्त्री विमानाच्या शेपटीखाली उताणा पडून काम करायचा आणि तिथूनच ओरडायचा, "साहेब, बघता का?" साहेब कप न ठेवता ओरडायचे, "बघितलं!" की झालं. काम फत्ते. सगळा हँगर हसायचा. पाठीमागे त्यांचं नावच पडलं होतं, बघितलंसाहेब.

"वाईट होते का?" नणंदेनं विचारलं.

"छे गं. वाईट असते तर लोकांनी लक्ष ठेवलं असतं. गोड माणूस. कुणाची रजा अडवली नाही कधी."

मग एके दिवशी मिस्त्री शेपटीतला एक नट आवळत होता. चालवणाऱ्यानं हातातला दांडा ओढला की विमानाचं नाक वर जातं, ढकलला की खाली. ते सगळं ज्या बोल्टवर चालतं, त्याचा नट. तो आवळला की त्यात आडवी पिन घालायची असते, म्हणजे थरथरीनं नट फिरत नाही. मिस्त्री पिन हातात घेतो न घेतो तोच कुणीतरी बाहेरून हाक मारली, गाडी अडकलीये, धक्का द्या. मिस्त्री हाकेला धावणारा. पिन खिशात टाकली, गेला, धक्का दिला, चार गप्पा हाणल्या, परत आला आणि शेपटीचं झाकण लावून टाकलं.

"साहेब, बघता का?"

"बघितलं!"

"आणि पिन?" दीर म्हणाला.

"खिशातच. त्याच्या बायकोला सापडली, कामाचे कपडे आठवड्यानं धुताना. पण तोवर उशीर झाला होता. नट काही एका दिवसात सुटत नाही. रोज जरासा फिरतो. रोज विमान वर जातं, खाली येतं, सगळे म्हणतात, छान चाललंय. आणि मग एक दिवस..." काकांनी तळहात पालथा केला. "मास्तर आणि शिकणारा पोरगा. दोघंही."

चौकशी झाली. साहेब म्हणाले, "मी स्वतः वाकून बघितलं. पिन होती. नंतर यानंच उघडलं असणार."

मिस्त्री म्हणाला, "साहेब खुर्चीतून उठलेच नव्हते."

चौकशीवाल्यानं शांतपणे विचारलं, "म्हणजे पिन नव्हती, आणि ते तुला माहीत होतं?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. नोकरी गेली, राहती खोली गेली. त्याची बायको साहेबांच्या दारात येऊन उभी राहिली. काही मागायला नाही. म्हणाली, "एकदाच तोंडानं म्हणा की बघितलं नव्हतं. त्यांना तेवढं पुरेल." साहेब आतून बायकोला म्हणाले, "सांग तिला, मी घरात नाही." आणि ते तिला स्वच्छ ऐकू आलं.

"मग?"

"मग काय. एका सकाळी हँगर उघडलं, तर मिस्त्री आत. रात्रीच आला होता." काकांनी मान वर केली. "त्याला खाली मीच उतरवला."

नवऱ्यानं खुर्ची जराशी आमच्याकडे ओढली. आवाज होऊ नये म्हणून उचलून पुढं ठेवली, हेही मी पाहिलं.

"मग तरी सुधारले असतील साहेब," नणंद म्हणाली.

"माणूस मेला म्हणून सवय मरते थोडीच? नवा मिस्त्री आला. त्यालाही कुणीतरी शिकवलं, शेपटीखालून ओरडायचं. 'बघता का?' 'बघितलं!' फक्त आता कुणी हसत नव्हतं."

साहेबांना एकच मुलगी. ती त्याच शाळेत विमान शिकायला लागली. बापासारखी गोड, आईसारखी फटकळ. बघता बघता तिचा दिवस ठरला, मास्तर शेजारी न बसता पहिल्यांदा एकटीनं उडायचा. तिच्या विमानाच्या शेपटीचं काम आदल्या संध्याकाळी झालं. नव्या मिस्त्रीनं केलं. साहेबांनी कोपऱ्यातून बघितलं.

"थंडीतला शनिवार. आदल्या दिवशी अमावास्या झालेली. जेवणं झाली आणि साहेबांच्या लक्षात आलं, चष्मा हँगरमध्ये टेबलावर राहिला. म्हणाले, सोमवारी आणतो. तर बायको म्हणाली, 'उद्या पोरगी एकटी उडणार. चष्मा नसला तर घारीला हात करून म्हणाल, बघा आमची मुलगी. आणा जाऊन.' आणि निघाले बिचारे. स्कूटर काढून. गाणं गुणगुणत."

काकांचा आवाज खाली आला. आम्ही सगळेच पुढं सरकलो. मला सरकायला जागा नव्हती. पुढचं सगळं काकांच्याच शब्दांत.

राखणदारानं किल्ली दिली. हँगरचं दार उघडलं. आत एकच दिवा, तोही लांब. साहेब सवयीनं कोपऱ्यात गेले. टेबल चाचपलं. चष्मा सापडला. डोळ्यांवर चढवला.

समोर मुलीचं विमान.

शेपटीखाली पाय दिसत होते. कुणीतरी उताणं पडलेलं. साहेबांना वाटलं, नवा मिस्त्री.

"काय रे, अजून घरी नाही गेलास?"

उत्तर नाही.

"अरे, कोण आहे?"

पाय हलले नाहीत. शेपटीतून आवाज आला... किर्र... नट फिरताना येतो तसा. मग थांबला.

"साहेब, बघता का?"

आवाज ओळखीचा होता.

साहेब मला नंतर म्हणाले, मी ओरडणार होतो. पळणार होतो. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बघितलं."

किर्र...

"साहेब, बघता का?"

"बघितलं."

किर्र...

"साहेब..."

"बघितलं."

साहेबांनी तोंडावर हात दाबून धरला. बोटांच्या फटीतून तोच शब्द. पुन्हा. पुन्हा. मग सगळं शांत. बराच वेळ. आणि शेपटीखालून, अगदी मायेनं...

"साहेब... केवढीशी होती हो पोरगी. झाली का एकटी उडण्याएवढी?"

काका थांबले. दिरानं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. सोडायला सांगणं बरं दिसलं नसतं.

"पळाले?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज थोडा वरच्या पट्टीत लागला.

"पळाले. घरी गेले. बायकोनं विचारलं, मिळाला का? म्हणाले, मिळाला. आणि रात्रभर चष्मा लावून बसून राहिले."

"अहो, मग सकाळी झाकण उघडून बघायचं की! दहा मिनिटांचं काम!" नवरा म्हणाला.

"तेच तर," काका म्हणाले. "तेच तर सांगतोय."

सकाळी धावपट्टीच्या कडेला सगळी शाळा जमली होती. मुख्य मास्तर, पोरं, साहेबांच्या बायकोनं बोलावलेल्या चार शेजारणी. मी पेट्रोलच्या गाडीपाशी. मुलगी आत बसलेली, पट्टे आवळून. साहेब आले. हातात स्क्रू काढायचा पेचकस. थेट शेपटीपाशी जाऊन उकिडवे बसले. झाकणावर हात ठेवला.

मुख्य मास्तर चालत आले. "काय झालं हो? काल बघितलंत ना?"

मी अगदी जवळ होतो. साहेबांचा घाम हनुवटीवरून टपकत होता, त्या थंडीत. झाकण उघडलं असतं, तर काल बघितलं नव्हतं हे कबूल झालं असतं. काल नाही, म्हणजे त्याआधीही नाही. म्हणजे कधीच नाही. मग तो मास्तर, तो पोरगा, तो मिस्त्री...

मुलीनं खिडकीतून मान बाहेर काढली. "बाबा! किती बघताय? नजर लागेल मला!"

सगळे हसले.

"रात्री तोंड साहेबांच्या ताब्यात नव्हतं," काका म्हणाले. "सकाळी होतं. मी शपथेवर सांगतो, सकाळी होतं."

साहेबांनी पेचकस खिशात घातला. उठले. गुडघे झटकले.

"बघितलं," म्हणाले.

विमान गेलं. उचललं. सुरेख उचललं. एक वळण. दुसरं. लांबून पंख चमकला. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. साहेब माझ्याजवळ आले आणि माझा खांदा असा काही दाबला की चार दिवस दुखत होता. हसत होते. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "काही नाही रे. काही नसतं. मनाचे खेळ." मीही म्हटलं, हो साहेब.

शेवटचं वळण. उतरायला आली. इतकी खाली की आत तिचा चेहरा दिसायला लागला. तिनं आईला हात केला.

आणि विमानानं मान टाकली.

...

आवाज नंतर आला.

साहेबांच्या बायकोनं नवऱ्याची बाही धरली. "मला नीट दिसलं नाही हो. कुठं गेली? उतरली ना? अहो... तुम्ही बघितलं ना?"

साहेबांचा चष्मा स्वच्छ होता. सगळं दिसलं होतं.

तेव्हा मात्र तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

गच्चीखालच्या रस्त्यावरून एक मोटार गेली आणि तिच्या दिव्यात आम्ही सगळे क्षणभर एकमेकांना दिसलो. नणंद रडत होती. तिनं तोंड वळवलं, मीही वळवलं.

"शेपटी तेवढी शाबूत राहिली," काका म्हणाले. "चौकशीवाले आले. मला म्हणाले, धरून ठेव. मी धरली. त्यांनी स्क्रू काढले, झाकण उघडलं. बोल्ट नव्हता. पिन नव्हती. नट तळाशी पडलेला. हे होतंच अपेक्षित."

"मग?"

"झाकणाच्या आत, पत्र्यावर, हाताचा ठसा होता. ताज्या ग्रीसचा. शेपटीच्या आत मांजर मावणार नाही. बाहेरून हात घातला तर बोटं आतल्या दिशेला येतात. ही बोटं बाहेरच्या दिशेला होती. आतून कुणी टेकवावीत तशी. आणि प्रत्येक बोटापासून बोल्टच्या भोकापर्यंत एकेक ओरखडा. खोल. पत्रा चमकत होता."

दीर एकदम ताठ बसला. "म्हणजे मिस्त्री आतून धरून होता! तिला वाचवायला! दोन वळणं त्यानंच सांभाळली, मग हात सुटला..."

"पोरीच्या आईला, त्या माउलीलाही मी तसंच सांगितलं," काका म्हणाले. "तिला बरं वाटलं. मलाही पुष्कळ दिवस बरं वाटत होतं."

मग ते पुढं वाकले. अंधारात त्यांचा हात माझ्यासमोर आला.

"सूनबाई, माझं मनगट धर. घट्ट. सुटू द्यायचं नाही असं धर."

मी धरलं.

"आता तुझा अंगठा कुठं आहे बघ."

मी बघितलं नाही. मला जाणवत होता, त्यांच्या नाडीवर रुतलेला.

"धरायचं म्हटलं की अंगठा लागतो. उकरून काढायला नाही," काका म्हणाले. "त्या पत्र्यावर चारच बोटं होती."