इंदिरानगरमधला खोटा खून

दार अर्धवट उघडंच होतं.

दीपमालाने बेल वाजवली, "फुलं आणलीत—" अशी हाकही मारली. आत पंखा घरघरत होता, बाकी चिडीचूप. २००३ सालचा मार्च, ऊन आत्ताच चावायला लागलेलं. मखमलाबादच्या मळ्यातून आणलेली शेवंतीच्या हारांची टोपली तिच्या हातात जड झाली होती. इंदिरानगरमधल्या या बंगल्यातल्या सुमनबाई म्हणजे नवं गिऱ्हाईक. हार आत ठेवून निघावं म्हणून तिने उंबरा ओलांडला... आणि जागीच थिजली.

सोफ्यावर एक तरुण आडवा पडला होता. पांढऱ्या शर्टावर लालभडक डाग. छातीत सुरी.

टोपली हातातून सुटली. दीपमालाच्या घशातून अशी किंकाळी निघाली की अंगणातल्या लिंबावरचे कावळे उडाले.

मुडद्याने एक डोळा उघडला.

"झकास!" तो म्हणाला. "पण... अजून एकदा जमेल का? कॅमेरा चालू नव्हता."

दीपमालाला रडावं की मारावं कळेना. तिने खाली पडलेला एक हार उचलला आणि सरळ त्याच्या तोंडावर फेकला.

"लाज नाही वाटत? माणसाचा जीव गेला असता!"

"माझा तर केव्हाच गेलाय."

तेवढ्यात पडद्याआडून लांब कोट घातलेला, घामाने निथळणारा एक मुलगा बाहेर आला. गुडघ्यांवर बसून त्याने भिंगातून तो हार न्याहाळला आणि गंभीरपणे म्हणाला, "ताजी शेवंती! म्हणजे खुनी बाहेरून आलाय. किंवा आतून."

रागाने थरथरत असतानाही दीपमालाला फस्सकन हसू आलं. मुडदा उठून बसला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

त्याचं नाव जीवन. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा. कोटातला मुलगा त्याचा मित्र ओम, सुमनबाईंचा भाचा; रविवारी त्या बाहेर गेल्या की बंगला या दोघांचाच. लहानपणापासून दोघांनी खुनाचे, हेरांचे पिक्चर पाहून पाहून कॅसेटी झिजवल्या होत्या, आणि आता ते त्या सगळ्यांची टिंगल करणारा स्वतःचा पिक्चर काढत होते. गावातल्या केबलवर तो दाखवायचं ठरलं होतं.

"त्या पिक्चरांत हेर भलता हुशार असतो," जीवन सांगत होता. "सिगारेटच्या राखेवरून माणसाचं गाव ओळखतो. आमचे गुप्तहेर भिंगारे, म्हणजे हा ओम, स्वतःच्याच बुटांचे ठसे मोजत घरभर हिंडतात. शेवटपर्यंत त्यांना काही म्हणजे काही कळत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी मुडदा. दुसरं कुणी तासभर गप्प पडायला तयार होईना."

"तुम्ही तरी कुठे गप्प पडता?" ती म्हणाली, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढच्या रविवारी ती फुलं घेऊन आली तेव्हा तिच्यासाठी भूमिका तयार होती. बंगल्यातली मोलकरीण, जी मुडदा पाहून किंचाळते. त्याच्या पुढच्या रविवारी मोलकरणीला संवाद मिळाले. मग संशय मोलकरणीवर आला. आणि असं होता होता पिक्चरमधली खुनी तीच ठरली.

"काम वाढतच चाललंय माझं," ती म्हणाली.

"तू रविवारी यावंस म्हणून... म्हणजे, कथेची गरज आहे." जीवन कॅमेऱ्याची काच पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

घरी तिने फक्त सुमनबाईंकडे फुलं द्यायची असतात, एवढंच सांगितलं होतं. "लय देवभोळी बाई दिसते," तिची आई चांगुणा कौतुकाने म्हणाली, तेव्हा दीपमालाने टोपली उचलून काढता पाय घेतला होता. वडील, देवराम नाना, मळ्यात राबणारे, कमी बोलणारे. मुलीवर त्यांचा इतका विश्वास, की फुलांच्या स्कूटीची किल्ली तिच्याकडेच असायची. आपण फसवतोय त्यांना, हे तिला प्रत्येक रविवारी परतताना टोचायचं. आणि शनिवार आला की विसरायला व्हायचं.

रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत. एका दुपारी जीवनच्या शर्टावर मुंग्यांची रांग लागली. कॅमेरा चालू, भिंगारे तावातावाने भाषण ठोकतायत आणि जीवन डोळे मिटून पडलेला. एक मुंगी त्याच्या मानेवर चढली. तो हलला नाही. दीपमालाने रडण्याचं नाटक करत पदर त्याच्या मानेवरून हळूच फिरवला. तिच्या बोटांखाली त्याची शीर थडथडत होती.

"मुडद्याचा श्वास दिसतोय!" ओम ओरडला. "परत घ्यावं लागेल!"

"माझी चूक," जीवन डोळे न उघडता म्हणाला. "परत घेऊ. कितीही वेळा."

त्या संध्याकाळी मळ्यात पोचली, तर ओटीवर नाना तिची वाटच बघत बसलेले. घोटीचं स्थळ आलं होतं. भाताचा व्यापार, एकुलता मुलगा. येत्या रविवारी दुपारी बघायला येणार होते. दीपमाला रिकामी टोपली ठेवायला आत गेली. बोलायला तोंड उघडलं असतं तर आधी इंदिरानगर बाहेर आलं असतं.

रविवार उजाडला. शेवटचं शूटिंग होतं. लाईट गेली म्हणून सगळं खोळंबलं आणि ऊन चढत गेलं तसा दीपमालाचा जीव टांगणीला लागला. शेवटी तिने जीवनला व्हरांड्यात गाठलं.

"मला आज लवकर जायचंय. बघायला येणार आहेत."

"कुणाला?"

"मला."

जीवनच्या हातातली सरबताची बाटली तिरकी झाली. लाल धार फरशीवर ओघळली. ती पुसायला तो खाली वाकला.

"मग... लवकर संपवू," तो म्हणाला.

एवढंच? दीपमालाने ओठ दाताखाली दाबले. थांब म्हणाला असता तर ती थांबणार होती का, तिला ठाऊक नव्हतं. पण त्याने म्हणायला हवं होतं.

लाईट आली. प्रसंग खुनाचाच होता. प्रत्यक्षात काय घडलं, ते प्रेक्षकांना दाखवायचं. कॅमेरा घेऊन ओम स्वयंपाकघराच्या पडद्याआड लपला. जीवन सोफ्यावर आडवा झाला. दीपमालाने सुरी उचलली. आज तिला रडण्याचं नाटक करावं लागलं नाही. डोळे आपोआप भरून आले. तिने हात खाली आणला, जीवनचं डोकं एका बाजूला कललं, आणि...

"दीपे!"

दारात नाना उभे होते. घोटीची मंडळी लवकर निघणार असल्याचा निरोप आला, म्हणून ते तिला न्यायला आले होते. त्यांची नजर सुरीवर गेली, रक्ताळलेल्या शर्टावर गेली, मुलीच्या ओल्या गालांवर येऊन थांबली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

नाना पुढे झाले. त्यांनी तिच्या मुठीतून सुरी काढून घेतली. त्यांनी आवाज दबका ठेवला.

"यानं काय केलं तुला? नको सांगू. तू मागच्या दारानं नीघ. इथं तू आलीच नव्हती. मी मारलं म्हणून सांगतो."

"नाना—"

"नीघ म्हणतो ना, पोरी!"

दीपमाला मटकन खाली बसली आणि त्यांच्या पायांना मिठी मारून हुंदके देऊ लागली. मुडदा उठून बसला.

"काका... मी जिवंत आहे. हे सरबत आहे."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. सुरीच्या पात्यावर बोट दाबलं. लाकडाचं पातं, वर चंदेरी कागद. पडद्याआडून ओम कॅमेरा घेऊन बाहेर आला, तोंड उघडं टाकून. नाना हळूहळू खुर्चीत बसले. जीवनने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला, पण पाणी अंगावरच सांडलं. जीवनने तांब्या परत घेतला.

दीपमालाने डोळे पुसले. जो माणूस तिच्यासाठी फासावर जायला निघाला होता, त्याच्याशी आता अर्धं खरं बोलणं तिला शक्यच नव्हतं.

"नाना, मी खोटं बोलले. इथं पूजा नसते, पिक्चर असतो. मी दर रविवारी हौसेने येते." तिने श्वास घेतला. "आणि... घोटीला मला नाही जायचं. मला हा आवडतो."

जीवनच्या हातून तांब्या निसटला आणि ठणठणत दारापर्यंत गेला.

नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "काय रे, तुला तोंड हाय का नाय?"

"आहे, काका." त्याचा आवाज चिरकला. "मलाही... म्हणजे पहिल्याच दिवसापासून. मघाशी तिला थांब म्हणायचं होतं मला. पण माझ्याकडे आहे काय, एक कॅमेरा. कुठल्या तोंडानं म्हणणार?"

"आधी ते तोंड धू. मुंग्या लागल्यात."

ओम फिसकन हसला आणि नानांनी वळून पाहताच भिंगारेंच्या टोपीत तोंड लपवलं.

नानांनी सुमनबाईंच्या फोनवरून घोटीचा नंबर फिरवला. मंडळी निघून गेली होती. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "आता घरी आल्यावर त्यांना तोंडावरच सांगावं लागंल," ते पुटपुटले. "जेवू घालू, माफी मागू. पण बघायचा कार्यक्रम नाय." मग जीवनकडे न बघता म्हणाले, "तुझ्या घरच्यांना घेऊन उद्या मळ्यावर ये. मी हो म्हणलेलो नाय. बोलू म्हणलो."

ते आपली स्कूटर चालू करायला बाहेर गेले. दीपमाला पायरीवर घुटमळली. जीवन तोंड धुऊन तसाच ओल्या चेहऱ्याने धावत आला.

"एक तक्रार आहे," तो धापा टाकत म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगितलंस तू. मला एकट्याला कधी सांगितलंच नाहीस."

दीपमालाने फाटकाकडे पाहिलं. नाना पाठमोरे होते. स्कूटर किकला दाद देत नव्हती. की तेच उगीच वेळ लावत होते, कोण जाणे.

ती दोन पायऱ्या परत वर चढली आणि त्याच्या कानाशी जाऊन तिने सांगितलं.