बेटावरची भाषा

जपानीचा वर्ग समजून मी ज्या खोलीत शिरले, तिथे नाटकाची तालीम चालली होती. पनवेलच्या त्या सभागृहात दोन खोल्या शेजारी-शेजारी... आणि मी अर्धा तास समोरच्या मुलामागे मन लावून "झुंबा लाकी, झुंबा लाकी" म्हणत बसले.

"हे जपानी नाय," शेवटी तो म्हणाला. "आमच्या बेटाची भाषा हाय. मीच बनवलीय."

तो निकेश. जवळच्याच विचुंबे गावचा. कुठल्याशा बेटावरच्या नवरा-बायकोचं भांडण, तेही सगळं बनावट भाषेत — अशी त्याची एकांकिका. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे... मी जपानी सोडलं आणि कपडेपट मागून घेतला.

नवरा निकेश, बायको अंकिता. तालमीत भांडायचे ते ठीक. पण नंतर वडापाव खातानाही दोघांची तीच भाषा! ती काहीतरी चिवचिवायची, तो लाजायचा, आणि मी नुसती मिरची चावत राहायचे.

"काय म्हणाली रे ती?"

"काय नाय."

"नाय काय? नाही म्हण, नाही!" मी फणकारले.

त्यानं उरलेला वडापाव कागदात गुंडाळला. त्यानंतर माझ्याशी अगदी मोजकंच बोलायचा. तिच्याशी मात्र अखंड!

एका संध्याकाळी अंकितानं त्याला कोपरानं ढोसलं. "तिरी मोला!"

त्याचे कान लाल झाले. माझ्या हातातली सुई बोटात घुसली. शिवत असलेला फेटा खुर्चीवर टाकून मी तडक बाहेर पडले. डोळे भरून आले, त्याचा आणखीच राग.

निकेश धावत मागे आला. "मिताली, थांब ना! काय झालं?"

"उद्यापासून मी येणार नाही. तुम्ही दोघं बसा बोलत."

"अगं, ती तुज्याबद्दलच बोलते."

"काय?"

"तिरी मोला म्हंजे... 'बोल तिला'."

"मग बोलत का नाहीस?"

"सगलं ओठांवर येतं. मग वाटतं, तू त्यातल्या पन चुका काढशील."

मला फार वाईट वाटलं. "नाही काढणार," मी हळूच म्हणाले. "बोल."

"तू... मना आवरतेस."

"मी? काय आवरते? पसारा?"

त्यानं कपाळाला हात लावला. "आवडतेस! घरी आमी 'ड'चा 'र' करतो..."

"मग 'र'च म्हण," मी म्हणाले. "पुन्हा."

"तू मना आवरतेस."

"तू पण मला..." जीभ अडखळली, "...आवरतोस."

माझा 'र' ऐकून तो खदखदून हसला. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात आतून अंकितानं हाक मारली — बेटावरच्या भाषेत.

"काय म्हणाली?"

"फेटा कोन पुरा करनार, विचारते."

"एवढंच? हाक तर चांगली लांब होती," मी म्हणाले... आणि त्याचा हात काही सोडला नाही.