डावीकडचं आकाश

निद्रा संशोधन केंद्राच्या तिसऱ्या प्रयोगशाळेत अकरा वाजल्यापासून एकच प्रश्न घोळत होता. कॅप्टन मंगेश गावंड विमान चालवताना झोपले होते की जागे होते?

आठवड्यापूर्वी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, गावंडांचं प्रवासी विमान आणि डावीकडून आलेलं एक मालवाहू विमान यांच्यात जेमतेम साठ मीटर अंतर उरलं होतं. मालवाहू विमानाच्या वैमानिकाने ऐन वेळी खाली सूर मारला, म्हणून एकशे ब्याऐंशी माणसं सुखरूप घरी जेवायला पोहोचली. गावंडांनी मात्र आपलं विमान तसूभरही हलवलं नव्हतं. ते झोपले होते असं ठरलं, तर त्यांचा परवाना कायमचा जाणार होता.

"मी जागा होतो," गावंड दहाव्यांदा म्हणाले. "धोक्याची घंटा वाजली, मी बाहेर पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. खोट्या घंटा महिन्यातून दोन-चारदा वाजतात हो."

"अख्खं विमान दिसलं नाही तुम्हाला?" चौकशी अधिकारी इनामदार म्हणाले.

डॉ. हेमांगी टिपणीस यांनी आपल्या कपाळावरची चंदेरी पट्टी सारखी केली. ही अर्धनिद्रा पट्टी त्यांचाच शोध आणि त्यांचा जीव की प्राण.

"डॉल्फिनचा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा पोहत राहतो," त्या म्हणाल्या. "पट्टी माणसाला तेच शिकवते. आठ ते अकरा मेंदूचा डावा अर्धा झोपतो, अकरा ते दोन उजवा, मग पुन्हा डावा. दिवसरात्र अशीच पाळी. सगळ्या पट्ट्यांचं वेळापत्रक एकच. थकव्याचा प्रश्नच मिटला! मी स्वतः सहा वर्षं पट्टी उतरवलेली नाही. तेव्हा कॅप्टन, दोष पट्टीचा नाही."

विमान कंपन्यांनी या शोधाचं तोंड भरून कौतुक केलं होतं, वैमानिकांच्या कपाळावर पट्ट्या चढवल्या होत्या आणि लगोलग दुसरा वैमानिक काढून टाकला होता. कधीच न थकणारा एक माणूस असताना दोन पगार कशाला? गावंडांचे नऊ वर्षांचे सहवैमानिक बेंद्रे तेव्हापासून कचेरीत बसून होते.

एक वाजता केंद्राचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या शेवंतामावशींनी तिघांची ताटं मांडली. चौकशीसाठी गावंडांची पट्टी काढून घेतली होती, त्यामुळे त्यांना भूकही कडकडून लागली होती आणि जांभयाही येत होत्या. तरी डॉक्टरांच्या ताटाकडे पाहून त्यांचा घास थांबला.

"मावशी, डॉक्टरांच्या ताटात चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळंच उजवीकडे कसं?"

"काय करू साहेब? डावीकडचं त्या खातच नाहीत. वर मलाच विचारतात, चटणी का नाही वाढली? रात्री नीट जेवतात, दुपारचंच हे खूळ. मग मी रीतच सोडली."

"काहीतरीच तुमचं, मावशी!" डॉक्टर हसल्या आणि इनामदारांशी बोलू लागल्या. गावंडांनी हळूच चटणी ताटाच्या डाव्या कडेला सरकवली.

दोन घासांनंतर डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, आज चटणी नाही?"

इनामदारांनी नुसतं बोट दाखवलं. त्यांचं बोट कुठे जातंय हे पाहत डॉक्टरांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्यांना चटणी सापडली. बाई हाडाच्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांचा चेहरा उतरला, पण डोकं चालू राहिलं.

"उजवा मेंदू दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो," त्या सावकाश म्हणाल्या. "डावा फक्त उजवीकडे. उजवा झोपला, की डावीकडचं डोळ्यांना दिसतं, पण मनापर्यंत पोहोचत नाही. आणि काही निसटलंय हेसुद्धा कळत नाही. कॅप्टन, तुम्ही खरं सांगत होतात. मला माफ करा."

गावंडांनी डोळे पुसले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या घशाखाली अन्न सुखाने उतरलं.

डॉक्टरांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली. काही मिनिटांत त्यांना ताटाची दुसरी बाजू दिसू लागली.

"पण चाचण्यांत हे कसं कळलं नाही?" इनामदारांनी पिशवीतून सहा वर्षांपूर्वीचा अहवाल काढला. शेवटच्या पानावर उजवीकडे डॉक्टरांची मंजुरीची सही होती. वेळ, दुपारी बारा चाळीस.

डॉक्टरांनी ते पान पुढे ओढलं आणि त्यांचा हात थांबला. डाव्या समासात निळ्या शाईत दोन ओळी होत्या. 'स्वयंसेवकांना दुपारी डावीकडचं निसटतंय. उड्डाणासाठी मंजुरी देऊ नये.'

"कोणी लिहिलंय हे?" इनामदारांनी विचारलं.

अक्षर डॉक्टरांचंच होतं. खाली वेळही त्यांनीच घातली होती, सकाळी नऊ दहा. त्या दिवसांत त्यांनी असे शेकडो शेरे लिहिले होते आणि सही करताना ते पुन्हा वाचायचे असं ठरवलं होतं. सही केली तेव्हा पट्टी कपाळावर होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"लिहून घ्या, इनामदार," त्या म्हणाल्या. "वैमानिक जागा होता. झोपले होते मी, सही करताना."

गावंड व्हरांड्यात जाऊन फोन लावत होते.

"बेंद्रे, कचेरीतलं आवरा आता," ते म्हणाले. "मला शेजारी माणूस लागणार आहे."