ताता कोणत्या भाषेत गप्प होते?

"नरसय्या आजोबा, हे काय आहे?" टकळीनं पुन्हा विचारलं. तिच्या पोटावरच्या पडद्यावर कपाचं चित्र होतं.

आजोबांनी चित्राकडे नीट निरखून पाहिलं. ओठ हलवले. घशातून "अ... अ..." एवढंच आलं. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

टकळी हा सोलापूरच्या वाणी-उपचार केंद्रातला यंत्रमानव. तिचं खरं नाव म्हणजे लांबलचक आकडा होता, पण ती दिवसभर न थकता बोलायची, म्हणून तिथल्या मुलांनी तिला टकळी करून टाकलं होतं. कमरेएवढी उंची, खाली चाकं, आवाज मात्र अगदी मायाळू.

सातवीतली लहरी गाजूल शाळा सुटली की थेट या केंद्रात यायची. नरसय्या तिच्या पप्पांचे वडील. ती त्यांना 'ताता' म्हणायची. तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. गाजूलांचं घराणं विणकरांचं. काही पिढ्यांपूर्वी ते तेलंगणातून सोलापुरात आलं आणि इथलंच झालं. लहरीचं नावही तेलुगूच. तिकडे लहरी म्हणजे लाट. शाळेत मात्र रोज कुणी ना कुणी विचारायचंच, "काय गं लहरी, आज मूड कसा आहे?"

ताता पूर्वी इतके बोलायचे की जेवताना अम्मा, म्हणजे लहरीची आई, त्यांच्यासमोर बोट ओठांवर ठेवायची. मग एका सकाळी त्यांना पक्षाघात (मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबणं) झाला. हात-पाय हळूहळू सुधारले. बोलणं परतलं नाही. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. "जीभ ठीक आहे, मनातले विचारही आहेत," त्यांनी समजावलं होतं. "पण विचारापासून शब्दापर्यंत जाणारी वाट बुजली आहे."

येत्या शुक्रवारी तातांच्या प्रगतीचा आढावा होता. केंद्रात यंत्रमानव थोडे आणि रुग्ण पुष्कळ. ज्यांच्यात बोलण्याची काहीच खूण दिसत नाही, त्यांचे बोलण्याचे व्यायाम कमी करून त्यांना चित्रपाटी देत. पाणी हवं असेल तर पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. चित्रपाटी वाईट नसते, कितीतरी लोकांना तिचा आधार होतो. पण तातांना ती दाखवली तेव्हा त्यांनी ती हातानं दूर लोटली होती आणि त्या दिवशी ते जेवलेही नव्हते.

"आता पुढचं चित्र," टकळी म्हणाली.

लहरी खिडकीपाशी उभी होती. टकळीला वाट द्यायला ती न बघता मागे सरकली. तिच्या मागच्या स्टुलावर सिस्टरनं उकळत्या चहाची किटली ठेवलेली होती.

"आगवे!"

लहरी जागच्या जागी थिजली. वळून पाहिलं, तर किटली तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. आणि ओरडले होते ताता. पलंगावर अर्धे उठून बसले होते, डोळे विस्फारलेले.

"नोंद घेतली," टकळी म्हणाली. "अर्थहीन ध्वनी."

"अर्थहीन?" लहरी उसळली. "ते मला 'थांब गं' म्हणाले!"

"मराठीत असा शब्द नाही."

"मराठी नाहीच ती. तेलुगू आहे!"

टकळी लहरीकडे वळली. मग म्हणाली, "लहरी, तुला कुठली भाषा येते, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तू 'मराठी' म्हणाली होतीस. मग हा शब्द तुला कसा कळला?"

लहरीला तो शब्द कळला होता हे खरं. डोक्यानं विचार करायच्या आत पाय थांबले होते. पण तेलुगू तिला येत नाही, हेही तिला तितकंच खरं वाटत होतं.

ती धावतच डॉक्टर सुमंगला बिराजदारांच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि टकळीला आत बोलावलं.

"नरसय्यांची भाषा मराठी, असं तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या मुलानं. मी विचारलं, रुग्णाची भाषा कोणती? ते म्हणाले, मराठी."

"खोटं नाही सांगितलं त्यांनी," डॉक्टर म्हणाल्या. "बँकेत, बाजारात, दवाखान्यात नरसय्या मराठीच बोलतात. दवाखान्यात विचारलं, म्हणून दवाखान्याची भाषा सांगितली. आपला प्रश्नच तोकडा होता, टकळी. माणसाला एकच भाषा असते, असं आपण धरून चाललो."

"म्हणजे ताता तेलुगूत बोलू शकतील?"

"थांब, इतकी घाई नको. माणूस दचकला की तोंडातून शब्द आपोआप निसटतो. पाठ असलेलं गाणं, एक-दोन-तीन मोजणं, हेही असंच. ठरवून बोलण्याची वाट वेगळी असते. एका शब्दावरून निष्कर्ष काढायचा नाही, तपासून बघायचं. पण आधी मला तुझं कोडं सोडवू दे. बस इथं."

त्यांनी टकळीच्या पडद्यावर चार चित्रं आणली. टकळी तेलुगूत एक वाक्य बोलणार आणि लहरीनं योग्य चित्रावर बोट ठेवायचं. टकळी बोलली. लहरीनं पाणी पिणाऱ्या मुलावर बोट ठेवलं. दुसरं वाक्य, साडी नेसलेली बाई. तिसरं वाक्य, दारात उभी गाय. वाक्यं अवघड होत गेली, तरी तिचं बोट क्वचितच चुकलं.

"आता या गायीबद्दल तू तेलुगूत सांग."

लहरीनं तोंड उघडलं. 'आवु' म्हणजे गाय, तो शब्द तिला ठाऊक होता. पण पुढे? शब्द आत कुठंतरी घोटाळत होते, बाहेर येत नव्हते. तिचे कान लाल झाले. "नाही येत," ती पुटपुटली.

"बघ, काय झालं ते," डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. "भाषा येणं हे दिव्याच्या बटणासारखं नसतं, एकतर चालू नाहीतर बंद. ऐकून समजणं वेगळं, बोलणं वेगळं, वाचणं-लिहिणं आणखी वेगळं. शब्द ऐकला की तो ओळखायचा असतो. बोलताना मात्र तो शोधून आणावा लागतो, जोडावा लागतो, तोंडानं घडवावा लागतो. त्याला सराव लागतो. ताता तुझ्याशी तेलुगूत बोलायचे, तेव्हा तू उत्तर कशात द्यायचीस?"

"मराठीत."

"म्हणून तुझी समज तयार झाली आणि बोलणं मागे राहिलं. याला ग्रहणक्षम ज्ञान (ऐकून समजण्यापुरतं भाषेचं ज्ञान) म्हणतात. तुला तेलुगू 'येत नाही' असं नाही. ती तुझ्या कानापर्यंत आली आहे, जिभेपर्यंत पोचायची आहे."

"मी लहानपणी बोलायचे," लहरी हळूच म्हणाली. "तेलंगणात करीमनगरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा सगळे हसले. माझं सगळं चुकतं म्हणून. मग मी सोडूनच दिलं."

डॉक्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तातांच्या खोलीत घेऊन गेल्या.

त्यांनी तातांच्या डोक्याभोवती मेंदूपट्टा बांधला. मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्त जास्त धावतंय, हे तो पट्टा प्रकाशाच्या साहाय्यानं दाखवतो. "हा पट्टा मनातलं वाचत नाही हं," त्या म्हणाल्या. "कुठं काम चाललंय, एवढंच सांगतो."

टकळी तेलुगूत म्हणाली, "मीकु एमि कावालि?" म्हणजे, तुम्हाला काय हवं आहे?

पट्ट्याला जोडलेल्या पडद्यावर थोडी हालचाल दिसली. ताता टकळीकडे अदबीनं पाहत राहिले, टीव्हीवरच्या बातम्या ऐकाव्यात तसे. बोलले मात्र नाहीत.

"आमच्यात असं नाही बोलत," लहरी म्हणाली. "हे पुस्तकातलं झालं. आमच्यात 'एम गावाले' म्हणतात."

"मग तूच विचार की."

लहरी पलंगाजवळ सरकली. ताता तिच्याकडेच बघत होते. नेमकी त्याच वेळी दारात अम्मा आली, हातात डबा. लहरीला वाटलं, चला, निदान हे तरी सांगू. तिनं सगळा धीर एकवटला.

"ताता, अम्मा वच्चिंडु!"

अम्मा थबकली आणि तिला हसू फुटलं. कारण 'वच्चिंडु' म्हणजे 'आला'. लहरीनं चक्क 'आई आला' असं म्हटलं होतं.

लहरीचा चेहरा पडला. तेवढ्यात पलंगावरून एक खरखरीत, अडखळता आवाज आला.

"वच्चिंडु... कादु." तातांनी मान हलवली. बोट वर करून, पूर्वी शिकवायचे तसं, सावकाश म्हणाले, "वच्... वच्चिंदि."

आला नाही. आली.

पडद्यावर रंग उसळत होते, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अम्मानं डबा खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

"हे आपोआप निसटलेलं नाही," डॉक्टर बिराजदार हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी वाक्य ऐकलं, चूक पकडली, योग्य शब्द शोधला आणि ठरवून उच्चारला. लहरी, तू बरोबर बोलली असतीस, तर कदाचित ते गप्पच राहिले असते."

लहरी हसली. चुकल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं.

शुक्रवारी चित्रपाटीचा विषयच निघाला नाही. टकळीनं 'अर्थहीन ध्वनी' ही नोंद पुसली आणि तातांचे व्यायाम तेलुगूतून सुरू झाले. लहरी रोज बोलायची, रोज चुकायची. ताता कधी दुरुस्त करायचे, कधी नुसतेच हसायचे. टकळी बाजूला उभी राहून दोघांचं ऐकत सोलापुरी तेलुगू शिकत होती.

"पण मराठी कधी येणार त्यांना?" एकदा लहरीनं विचारलं.

"मेंदूत भाषांच्या वेगवेगळ्या बंद खोल्या नसतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. बहुतेक रुग्णांच्या सगळ्या भाषा साधारण बरोबरीनं परततात. काहींच्या बाबतीत एक आधी येते आणि दुसरी तिचा हात धरून येते. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. जे शब्द दोन्ही भाषांत सारखे असतात, तिथून सुरुवात केलेली बरी. तातांच्या कामातला असा एखादा शब्द सांग बघू."

लहरीनं विचार केला. तिनं टकळीच्या पडद्यावर एक चित्र लावलं.

"मग्गम," ताता लगेच म्हणाले. मग थांबले, चित्राकडे पाहत राहिले. "म... माग." आणि पुन्हा, जरा ठासून, "माग."

त्यानंतर मराठी शब्द येत राहिले. भरभर नाही, रोजही नाही. पण येत राहिले.

घरी सोडायच्या दिवशी टकळी दारापर्यंत आली. ती आता नव्या रुग्णाला 'तुमची भाषा कोणती?' असं विचारत नसे. आईशी कशात बोलायचा? भांडताना कशात? हिशेब मनात कशात करता? कुठली भाषा नुसती कळते? असे किती तरी प्रश्न ती विचारायची, आणि टकळीच ती, न कंटाळता विचारायची.

बाहेर सौरऊर्जेवर चालणारी रिक्षा उभी होती. पप्पांनी तातांना हात देऊन आत बसवलं. रिक्षावाले काका कानातल्या यंत्रावर कुणाशी तरी कन्नडमध्ये गप्पा मारत होते. बोलण्याच्या ओघात मागे वळून त्यांनी त्याच भाषेत विचारलं, "येल्लिगे?" आणि चूक लक्षात येऊन ते "कुठं जायचं?" म्हणणार, तोच ताता शांतपणे उत्तरले,

"मनेगे."

लहरीनं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी खांदे उडवले. हा शब्द घरात कुणीच कधी उच्चारला नव्हता.

"काका, काय म्हणाले ते?"

"घरी, म्हणाले," काका खुशीत येऊन म्हणाले. "अज्जांना कन्नड झकास येतं की!"

"कुठं शिकलात, ताता?" लहरीनं विचारलं, आणि या वेळी तिनं तेलुगूत विचारलं.

तातांनी डोळे बारीक केले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागणार होता. रिक्षा सुरू झाली. लहरी त्यांच्याकडे वळून नीट बसली आणि वाट पाहू लागली.