हंसाच्या पायातला दोरा

"ए, त्या सॅकला हात लावायचा नाही! चकल्या दुसऱ्या कशात तरी ठेव!"

उल्हासकाका एवढ्या जोरात ओरडले की मुक्ताच्या हातातली चकल्यांची पिशवी खालीच पडली. नऊ वर्षांच्या मुक्ताने डोळे मोठे करून आपल्या ताईकडे, म्हणजे रेवाकडे पाहिलं. काका आणि ओरडणं? वाढदिवसाचा केक सांडला तरी हसणारा हा माणूस!

आयर्लंडमधल्या त्यांच्या शाळेला ऑक्टोबरची आठवड्याची सुट्टी होती. रेवा-मुक्ताच्या आईबाबांना रजा नव्हती, म्हणून सँट्रीच्या उल्हासकाका आणि विद्याकाकूंनी दोघींना स्वोर्ड्सहून उचललं आणि आपल्या मुलाबरोबर, सारंगबरोबर, थेट पोर्टलीशच्या अलीकडच्या वनोद्यानात आणलं. तळ्याभोवती चार किलोमीटरची गोल पायवाट होती. अगदी सोपी. बाबागाड्या ढकलत माणसं सहज फिरत होती.

"काकांच्या सॅकमध्ये काय आहे?" रेवाने हळूच विचारलं.

"नो आयडिया," सारंग खांदे उडवत म्हणाला. तो तेरा वर्षांचा, इथेच वाढलेला. "सकाळपासून कुणाला टच करू देत नाहीये. मस्ट बी अ सरप्राइज!"

"चॉकलेट्स!" मुक्ता म्हणाली. "ग्रँड!"

चॉकलेटांच्या आशेवर तिघांनी निम्मी वाट झपाझप तोडली. काका-काकू बरेच मागे राहिले. पुढे लाकडी धक्का लागला, आणि तिथे काहीतरी बिनसलं होतं.

धक्क्यावर दोन माणसं होती. हिरव्या जाकिटातल्या रेंजर नूलाबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेला एक हंस होता. त्याच्या पायात पारदर्शक दोरा रुतून जखम झाली होती, आणि त्या तो कात्रीने जपून कापत होत्या. शेजारी गळ बाजूला ठेवून एक म्हातारे आजोबा उभे होते. त्यांचं नाव डोनल.

"महिन्याभरातला हा दुसरा हंस, डोनल," नूलाबाई म्हणाल्या. त्यांना बोलायला जड जात होतं. "इथे मासे धरणारा तू एकटाच. तुझा परवाना आज मला काढून घ्यावा लागेल."

"माझा नाही तो दोरा," डोनल म्हणाले. "चाळीस वर्षं बसतोय मी इथे. बायको गेल्यापासून तर रोज. उद्यापासून मी जाऊ कुठे?"

नूलाबाईंनी मान खाली घातली आणि हात पुढे केला. डोनलनी खिशातून घड्या पडलेला कागद काढून त्यांच्या हातावर ठेवला.

रेवाला फार वाईट वाटलं. तिची नजर कापलेल्या दोऱ्याकडे गेली आणि ती वाकून बघू लागली. दोऱ्यावर ठरावीक अंतराने गाठी होत्या. दोन वेढे आणि एक उलटी गाठ, दोन वेढे आणि एक उलटी गाठ! एका गाठीत केशरी पाकळीचा कुजका तुकडा अडकला होता.

"चला पुढे," ती कशीबशी म्हणाली आणि दोघांना ओढतच झाडांमागे घेऊन गेली.

"काय झालं? भूत पाहिलंस का?" सारंगने विचारलं.

"तो दोरा मासे धरायचा नाहीये. हाराचा आहे. माझ्या हाराचा!"

इथे कोपऱ्यावर फुलवाली नाही की तयार हार नाहीत. नवरात्रापासून ओळखीच्या चार घरांचे हार रेवाच ओवत होती, सुपरमार्केटातली शेवंती आणून. साधा दोरा सारखा तुटायचा, म्हणून तिने मण्यांच्या माळांचा नायलॉनचा दोरा घेतला होता. फुलं घसरू नयेत म्हणून दर तीन फुलांनंतर दोन वेढे आणि एक उलटी गाठ. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि तिला तिचा भारी अभिमान होता.

"पण हार इथे कसे येतील?" मुक्ता म्हणाली. "ते तर आपण देवाला घातले."

"आणि नंतर? निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही म्हणून सगळे ते कुणाकडे देतात?"

सारंगचा चेहरा उतरला. सगळ्यांचं निर्माल्य 'द्या हो, मी सोडतो पाण्यात' म्हणून हौसेने गोळा करणारे त्याचेच बाबा होते.

"माझे डॅड असं करणार नाहीत!" तो चिडून म्हणाला. "प्रूफ काय?"

"सॅक," रेवा म्हणाली.

पाच मिनिटांनी काका-काकू वळणावर आले, तर मुक्ता वाटेत फतकल मारून बसलेली!

"आई गं! माझा पाय! काका, मला चालवतच नाहीये!"

"अरे अरे, मुरगळला वाटतं! ये, पाठीवर बस," काका घाईघाईने खाली वाकले. पण पाठीवर सॅक होती.

"द्या ना इकडे, मी धरतो," सारंग म्हणाला. काका क्षणभर घुटमळले. मुक्ताने असा टाहो फोडला की त्यांनी सॅक मुकाट्याने काढून दिली.

मुक्ताला पाठीवर घेऊन काका चालू लागले. मागे सारंगने चेन उघडली. आत गच्च भरलेली प्लास्टिकची पिशवी होती. सुकलेली शेवंती, दूर्वा, विड्याची पानं आणि रेवाने दिवाळीत ओवलेले चार हार!

"डॅड!" सारंगने हाक मारली आणि पिशवी वर धरली.

काका वळले. उघडी पिशवी पाहून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. रेवाने हंसाचं आणि डोनल आजोबांचं सगळं एका दमात सांगितलं. मुक्ता टुणकन खाली उतरली. तिचा पाय ठणठणीत होता!

"अगं, फुलंच तर आहेत," काका पुटपुटले. "आपण पाण्यातच सोडतो ना? मला काय माहीत दोरा नायलॉनचा आहे! लोक पाहतील म्हणून दर वेळी एवढ्या लांब, सॅकेत लपवून आणायचो. बरं, आता नाही टाकणार. झालं ना? चला, मागच्या वाटेने गाडीकडे जाऊ."

"हो बाई," काकूही घाबरल्या. "यांच्या व्हिसाचं काम चालू आहे. उगाच नसतं लचांड मागे नको."

"आणि त्या आजोबांचा परवाना?" रेवाने विचारलं.

काका बुटांकडे बघत राहिले. रेवाला भीती वाटत होती, कारण दोरा तिचा होता आणि गाठीही तिच्याच. पण म्हाताऱ्या हाताने दिलेला तो कागद काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने पिशवीतला एक हार उचलला आणि धक्क्याकडे धूम ठोकली. मागून सारंग आणि मुक्ताही धावले.

"थांबा! प्लीज थांबा!" डोनल सामान आवरत होते, तेवढ्यात रेवा धापा टाकत पोचली. "त्यांचा नाहीये तो दोरा. माझा आहे!"

तिने हंसाच्या पायातला दोरा आणि हार शेजारी शेजारी धरले. दोन वेढे आणि एक उलटी गाठ. नूलाबाईंनी एकेक गाठ निरखून पाहिली.

"तू टाकलास हा तळ्यात?"

रेवाने ओठ घट्ट मिटले. काकांचं नाव कसं सांगणार? सारंगनेही मान खाली घातली.

"तिने नाही. मी टाकला," मागून आवाज आला.

उल्हासकाका होते! धावून धावून त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. ते थेट डोनल आजोबांसमोर जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे. देवाची फुलं पाण्यात सोडली की मला बरं वाटायचं. तुमच्यावर आळ येतोय हे माहीत नव्हतं. आणि आत्ता कळल्यावरसुद्धा मी निघालोच होतो. मला माफ करा."

नूलाबाईंनी काकांचं नाव-पत्ता लिहून घेतला आणि चांगलीच कडक समज दिली. पुन्हा असं झालं तर दंड! मग त्या म्हणाल्या, "फुलं मातीला चालतात. आमच्या चौकीमागे पालापाचोळ्याच्या खताचा ढीग आहे. दोरा काढून तिथे घाला."

"मातीत गेलेलं देवालाही चालेल," काकू ठामपणे म्हणाल्या आणि धक्क्यावरच हार सोडवायला बसल्या.

नूलाबाईंनी तो घड्यांचा कागद डोनल आजोबांना परत दिला. आजोबांना तो खिशात घालायला जरा वेळच लागला.

"या धक्क्यावर दंगा करू नका म्हणून मी चाळीस वर्षं पोरांवर खेकसतोय," ते तिघांकडे बघत म्हणाले. "आणि आज माझ्या बाजूने बोललं कोण? पोरंच! शाबास रे!"

हंसाला औषध लावून झालं. नूलाबाईंनी खोकं पाण्याच्या काठाशी नेऊन उघडलं. हंस थोडा लंगडला, मग पाण्यात उतरला आणि मागे वळूनही न बघता निघून गेला. मुक्ताने उड्या मारून टाळ्या पिटल्या.

परतीच्या वाटेवर काका रेवाच्या शेजारून चालत होते.

"रेवा, तू धावली नसतीस तर मी गाडीत जाऊन बसलो असतो," ते म्हणाले. "आज तू मला शिकवलंस."

"पण तुम्ही आलात ना, काका," रेवा म्हणाली.

सारंगने पुढे होऊन बाबांच्या पाठीवरची रिकामी सॅक काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला.