चौकटीपाशी थांबलेली वेल

लिफ्टचं दार मिटत आलं होतं, तेवढ्यात एक जण कुंडी घेऊन घाईघाईनं आत शिरला आणि त्याच्या मागून येणारी लांबलचक वेल दारातच राहिली. मी झटकन बटण दाबलं. त्यानं वेल हळूच आत ओढून स्वतःच्या गळ्याभोवती घेतली.

"वाचवलंत," तो म्हणाला. "एवढी व्हायला दीड वर्ष लागलंय हिला."

मी हसले. हसायला नको होतं बहुधा... तो खरंच घाबरला होता.

त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. तो सातव्या मजल्यावरच्या ऑफिसात निघाला होता. भिंतींवर वेली चढवून द्यायच्या, कपाटांवरून सोडायच्या, हाच त्याचा व्यवसाय. माझा मजला येईपर्यंत मी त्याला आईबद्दल सांगून टाकलं होतं. का, ते मलाच कळलं नाही. अनोळखी माणसाशी मी दोन शब्द बोलत नाही. पण आई पाय घसरून पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि दीड महिना ती समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत पडून होती. आता तर जेवायलाही नको म्हणायला लागली होती.

त्यानं धीर वगैरे दिला नाही. भिंत केवढी आहे, एवढंच विचारलं.

रविवारी तो आला. आईच्या खिडकीत मनीप्लांटची कुंडी ठेवली, भिंतीवर बारीक पारदर्शक हुक चिकटवले आणि मऊ दोऱ्याच्या सैल गाठी मारत वेल वर घेतली. आईनं तोंड फिरवलं होतं. त्यानं मागे न बघताच विचारलं, खिडकीवरून नेऊ की दाराकडे? मला काय विचारता, आई म्हणाली. बघत तुम्हीच बसणार आहात, तो म्हणाला. आईनं मान वळवून भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "दाराकडे न्या."

त्या आठवड्यात आईनं उशी उंच करून मागितली. नवं पान उलगडलं की ती मला हाक मारून दाखवायची. मग दर रविवारी तो यायला लागला, आणि माझा गोंधळ सुरू झाला.

वेल आठवड्यात वाढते चार बोटं. हे त्यानंच सांगितलेलं. म्हणजे एक हुक, एक गाठ, पाच मिनिटांचं काम. तो दोन तास थांबायचा. ओल्या फडक्यानं पानं पुसायचा. जास्त फुटवे यावेत म्हणून शेंडे खुडायचा. आई वॉकर धरून उठायला लागली, तेव्हा तिला नवीन पानापर्यंत चालवत न्यायचा. आईशी तासभर गप्पा मारायचा, आणि मी पाणी घेऊन गेले की "ठेवा" म्हणून गप्प. मग मान वळवावी, तर तो माझ्याकडेच बघत असायचा. हा माणूस वेलीसाठी येतो, आईसाठी येतो, की...?

एकदा दोऱ्याचं टोक त्यानं माझ्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं.

"तुमचा हात थरथरतोय," तो म्हणाला.

"स्टूल हलतंय."

स्टुलावर तो उभा होता. मी जमिनीवर होते.

दुकानात दिवसभर मी लोकांना विचारते, आधीची काच बरी की आताची? ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यावर आतल्या आत चिडते. आता मलाच काही सांगता येत नव्हतं.

पावसाळा सरता सरता वेल आईच्या दारावरून बाहेर पडली, पॅसेजमधून माझ्या खोलीच्या चौकटीपाशी आली. आत नेऊ का, त्यानं विचारलं. मी म्हणाले, सध्या इथपर्यंतच राहू दे. आणि मग चार दिवस त्या "सध्या"चा अर्थ शोधत बसले.

त्यातच दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या शहरात नवी शाखा काढली. ती मी सांभाळावी, सोमवारपर्यंत कळवावं, असं ते म्हणाले. आई काठी घेऊन चालत होती, मावशी तिच्या सोबतीला राहायला तयार होती. जा, आई म्हणाली, माझ्यासाठी अडून राहू नकोस. मला जायचंही होतं. रविवारी मी त्याला सांगितलं, आणि तो काय म्हणतो याची वाट बघत राहिले.

"चांगलं आहे," तो म्हणाला आणि माझ्या चौकटीवरचे हुक काढायला लागला.

हातभर वेल त्यानं पेराखाली कापली आणि पाण्याच्या बाटलीत ठेवली. तिकडच्या खोलीसाठी, म्हणाला. महिनाभरात मुळं धरेल. किती व्यवस्थित पाठवणी चालली होती माझी... मला वेल लावता येत नाही, मी म्हणाले. शिकवतो, तो म्हणाला. मला शिकायचं नाहीये, मी म्हणाले. आवाज चढलाच.

आतल्या खोलीत आईनं रेडिओ बारीक केला.

तो स्टुलावर बसला. "तुम्ही कशावर रागावलात ते मला कळत नाहीये."

"मलाही."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सकाळी सहाची गाडी आहे. दहाला पोचते. परतीची पाचला. वेल बघायला दर रविवारी यावं लागेल, म्हणून म्हटलं..."

"मी तर आत्ता सांगितलं तुम्हाला."

"आई बुधवारी बोलल्या फोनवर."

रेडिओ आता पूर्ण बंद झाला होता.

"वेल चार बोटं वाढते आठवड्यात," मी म्हणाले. "महिन्यातून एकदा आलात तरी पुरे."

त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला नाही पुरणार," तो कागदाकडे बघत म्हणाला.

इतके दिवस जे सांगता येत नव्हतं, ते आता एकदम तोंडून निघून गेलं. "वेल जगली नाही तरी ये."

त्यानं मान वर केली. "या... की ये?"

माझे कान तापले. माघार घ्यायला अजून वाव होता.

"ये," मी म्हणाले. या वेळी मुद्दाम.

तो हसला. मग गाडीची वेळ त्यानं मला पुन्हा एकदा नीट समजावून सांगितली, आणि सहाची गाडी सातची सांगितली.